आठ नंबरची काच

काच घ्यायची तर आधी तिच्यावरचा आकडा वाचायचा, एवढं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. लोणावळ्यात माझं कॅमेरे भाड्याने द्यायचं छोटं दुकान आहे. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याची पोरं येतात, त्यांना पवना धरणाच्या पाण्याचे फोटो काढायचे असतात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, एनडी फिल्टर सहा स्टॉपचा घेऊ का दहाचा?" एनडी फिल्टर म्हणजे दुसरं काही नाही, लेन्सपुढे धरायची काळी काच. ती उजेड कमी करते आणि रंगाला हात लावत नाही. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, दोन म्हणजे पाव, असं पुढे. उजेड कमी झाला की कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवता येतो, आणि तेवढ्या वेळात हलणारं पाणी दुधावरच्या सायीसारखं सपाट होतं. झाडीतल्या धबधब्याला सहा पुरतो, उन्हातल्या धरणाला दहा लागतो. आट्यांचा गोल फिल्टर घेतलात तर प्रत्येक लेन्सला वेगळा घ्यावा लागेल. खाचेत सरकवायची चौकोनी काच घेतलीत तर एकाच होल्डरवर सगळ्या लेन्स भागतात. आणि फोकस आधी करून घ्या, काच मग सरकवा, कारण काच सरकली की तुम्हाला काही दिसणार नाही. एवढं सांगून झालं की मी काच खिडकीकडे धरते आणि कोपऱ्यातला आकडा गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावते. पोरं हसतात. शाळेतल्या बाईंसारखं करता म्हणतात. हसू देत. मी असं का करते ते आजवर घराबाहेर कुणाला पुरतं सांगितलं नव्हतं. आता चाळिशी उलटली, आणि ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं ती दोन्ही माणसं गेली.

आमचं घर तिकोणा पेठेत, गडाच्या अगदी पायाशी. वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणायचं म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा भाऊ लहान होते. मोठे झाले तेव्हा नांगर धरायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी वेल्डिंगची कांडी धरली. सोमाटण्याला रफिकचाचांचं वर्कशॉप होतं, तिथे शेडचे खांब, छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या, कंपन्यांची मोठाली गेटं बनायची. भाऊ सकाळच्या पहिल्या जीपने जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. ते येताना आधी त्यांचे जाड बूट वाजायचे, मग खोकला, मग लोखंडाचा जळका वास, आणि मग ते स्वतः. ठिणग्यांनी त्यांच्या सगळ्या शर्टांना बारीक भोकं पडलेली. आई शर्ट उजेडाकडे धरून म्हणायची, "पीठ चाळायला ठेवते हा एक." घरात तोपर्यंत इंद्रायणीच्या भाताचा वास भरलेला असायचा. वर सुकटीचं कालवण, नाहीतर नुसता ठेचा आणि तांदळाची भाकरी. भाऊ पहिला घास खाऊन डोळे मिटायचे, आणि त्यांचे डोळे मिटले की आई विचारायची, "मीठ कमी हाय का?" "न्हाई गं. जरा डोळ्यांना इसावा."

वेल्डिंग करणाऱ्याला डोळ्यांचं दुखणं चुकत नाही. शेजारच्याने अचानक कांडी पेटवली आणि आपला चेहरा झाकलेला नसला, तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. अशा संध्याकाळी भाऊ ओट्यावर आडवे व्हायचे आणि आई त्यांच्या पापण्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची. ते काही औषध नव्हे, हे मला आज कळतं, पण गार वाटायचं त्यांना. "ह्याच चकत्यांची उद्या भाजी घालीन तुमाला," आई म्हणायची. "घाल की," भाऊ चकत्यांखालून म्हणायचे, "तुझ्या हातची भाजी न्हाईतरी डोळं मिटूनच खातो." मग दोघं हसायची. आमच्या घरात हसणं असं आडव्या वाटेने यायचं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय पदार्थविज्ञान. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं मी पहिलं माणूस. हे मी मिरवते, आणि मिरवणार. सुट्टीच्या दिवशी मी लोणावळ्यातल्या एका स्टुडिओत फोटो सुधारायला जायची. डिजिटल कॅमेरे नुकते आले होते. स्टुडिओच्या काकांनी नवा घेतला तेव्हा जुना माझ्या हवाली केला, म्हणाले, "एकतर बिघडव, नाहीतर शीक." तिथेच एका मासिकात मी पहिल्यांदा तसला फोटो पाहिला, खडकांभोवती धुकं साचावं तसा समुद्र. मला आमचं धरण तसं करायचं होतं. काच घ्यायला म्हणून पुण्याला गेले, तर दुकानदाराने कपाटाचं दार उघडायच्या आधीच विचारलं, "घ्यायचाय का नुसता बघायचाय?" मी म्हटलं, "नुसता बघायचाय," आणि परत आले. रात्री जेवताना ही गोष्ट सांगितली. भाऊंनी घास हातात तसाच ठेवला.

"म्हंजे काळी काच?"

"हो."

"आगं मग त्याला पुण्याला कशाला जायचं? माझा सगळा जलम काळ्या काचंमागं गेला की."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सोमाटण्याला उतरले आणि भाऊ मला हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. वेल्डिंग करताना चेहऱ्यापुढे धरायच्या शील्डला डोळ्यांसमोर एक खाच असते, तिच्यात पुढे साधी पांढरी काच आणि मागे काळी काच सरकवतात. पांढरी काच ठिणग्या झेलते आणि दर थोड्या दिवसांनी बदलावी लागते. काळी तशीच राहते. काळी काच किती काळी, ते नंबरावर. कोपऱ्यात तो कोरलेला असतो, तांदळाच्या दाण्याएवढा.

"शेठ, काळ्या काचा दावा. पाचापासनं अकरापतुर, सगळ्या."

"सगळ्या कशाला? भाऊ, तुझा नंबर अकरा. मी गल्ल्यावर बसाय लागल्यापासनं अकराच नेतोयस."

"माझ्यासाटी न्हाई. पोरीसाटी."

शेठने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "पोरीला वेल्डिंगला घालतोस व्हय? कॉलेजात हाय म्हणत व्हतास ना?"

"फोटू काढायचाय तिला."

"काळ्या काचंतनं? कुणाचा, भुताचा?"

"पाण्याचा," मी म्हटलं.

"पाणी काय डोळं मिचकावतंय काय, त्याला काच लावायला?" शेठ म्हणाला, पण काचा मात्र त्याने सगळ्या काढल्या, आणि आम्ही दोघं त्या घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसलो. मी वहीत गणित करून आणलं होतं. एक नंबर चढला की उजेड जवळजवळ पावणेतीन पट कमी होतो. पाच नंबर उजेड पन्नासाव्या हिश्शावर आणतो, आठ नंबर हजाराव्या, आणि अकरा नंबर वीस हजाराव्या हिश्शावर. पुण्याच्या दुकानातला दहा स्टॉपचा फिल्टर हजारावाच हिस्सा सोडतो, म्हणजे मला आठ नंबर हवा. भाऊंनी माझं गणित शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी अकराची काच सूर्याकडे धरली आणि मला दाखवली. सूर्य हिरवा, पेरूएवढा, त्याच्याकडे आरामात बघता येत होतं. मी आठाची उचलली तशी त्यांनी माझा हात धरला.

"हिच्यातनं सूर्याकडं बघू नगंस. ही बारक्या रॉडाची, पत्र्याच्या कामाची. जाड रॉड चालू असताना हिच्यातनं बघितलं तर डोळं गेलंच समज."

"फोटोला चालेल ना पण?"

"फोटूला डोळं कुटं असत्यात?" म्हणाले, आणि आठ नंबरची काच कागदात गुंडाळून घेतली.

होल्डरही त्यांनीच केला. गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असायची, वीजही बेताचीच. रफिकचाचांकडून किल्ली मागून घेतली आणि पत्र्याचे तुकडे कापून, वाकवून, लेन्सवर बसणारं कडं आणि त्यापुढे काच सरकवायच्या दोन खाचा असं त्यांनी दुपारपर्यंत तयार केलं. माप घ्यायला त्यांनी स्वतःच्या शील्डमधली काच काढली होती. "खाच शील्डएवढीच ठिवतो," ते म्हणाले, "म्हंजे तुझी काच फुटली तर माझी घालता यील. शोधत बसाय नगं." मला ते फार हुशारीचं वाटलं. आजही वाटतं. त्यांच्या हातचा तो होल्डर कुठल्याही कंपनीच्या होल्डरपेक्षा घट्ट बसायचा, आणि त्यातून उजेडाची एक रेघसुद्धा आत यायची नाही.

आता डोळ्यांचं सांगायला हवं. त्याच पावसाळ्यात भाऊंना कमी दिसायला लागलं होतं. आधी ते सुईत दोरा ओवेनासे झाले, मग जीपची पाटी दुसऱ्याला विचारायला लागले. पण खरी पंचाईत कामावर. अकराच्या काचेतून वेल्डिंग करताना दिसतं काय, तर काळोखात एक ठिणगी आणि तिच्याभोवती वितळलेल्या लोखंडाचा तांदळाएवढा तलाव. तो तलाव सांध्यावरून सरळ न्यायचा असतो. भाऊंना तो दिसेना. त्यांची रेघ, जिच्यावर रफिकचाचा नवीन माणसाला बोट ठेवून दाखवायचे, ती वाकडी जायला लागली. एकदा एका कैचीचा सांधा तपासणीत उडाला. बरोबरचे वेल्डर म्हणायला लागले, "भाऊ, रेघ काढताय का नागीण?" रफिकचाचा तसले बोलणारे नव्हते. ते फक्त म्हणाले, "भाऊ, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर तुम्ही घासायचं, रंगवायचं बघा. माणूस म्हणून तुम्ही इथेच आहात." घासणं-रंगवणं म्हणजे निम्मा पगार, आणि निम्म्या पगारात माझं शेवटचं वर्ष बसत नव्हतं. हे घरात कुणी बोललं नाही. आईने शेवग्याचा पाला सुरू केला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की पाल्याने नजर वाढते. रोज पाल्याची भाजी, पाल्याचं वरण, भाकरीत पाला. भाऊ निमूट खायचे. "शेळी झालो तर डोंगरात सोडा मला," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आमच्याकडे पद्धत. वर्कशॉपची पूजा वर्कशॉपला व्हायची, पण भाऊ आपली शील्ड, हातोडी आणि कांडी धरायचा चिमटा घरी आणायचे. आईच्या हातची पूजा झाल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. त्या वर्षी आई म्हणाली, "पोरीचं हत्यार बी ठेवा की." पाटावर हातोडीशेजारी माझा कॅमेरा बसला, शील्डशेजारी माझा पत्र्याचा होल्डर. सगळं धुऊन-पुसून ठेवायचं म्हणून मी शील्डमधून काळी काच काढली, होल्डरमधूनही काढली, दोन्ही राखेने घासून धुतल्या आणि एकाच ताटात उभ्या केल्या. आईने दोन्ही काचांना हळदी-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. भाऊ हात जोडून उभे होते. मी इतकी वर्षं फोटो काढते, पण त्या पाटाचा फोटो मी काढला नाही, कारण कॅमेरा पाटावर होता.

पावसामुळे काच अजून एकदाही वापरली नव्हती, म्हणून दसऱ्याच्या सकाळी मला धरणावर जायची घाई होती. ताटातल्या काचा पुसल्या, एक भाऊंच्या शील्डमध्ये सरकवली, दुसरीच्या कडांना होल्डरमध्ये घट्ट बसावी म्हणून काळी टेप गुंडाळली. टेपखाली आकडा गेला. दोन काळ्या काचा हातात धरून बघा, घरातल्या उजेडात दोन्ही सारख्याच काळ्या. मी पदार्थविज्ञानाची पोर, पावणेतीन पट आणि हजार पट तोंडपाठ असलेली, आणि मी आकडा वाचला नाही.

त्या दिवशी माझे सगळे फोटो काळे आले. गणिताने उन्हात आठ सेकंद लागायला हवे होते. आठ सेकंदांत काहीच उमटेना. मी वेळ वाढवत गेले आणि अडीच मिनिटांना पाणी दिसायला लागलं. मी काय समजले? की शेठने दिलेली काच हलक्या प्रतीची आहे, नंबर काय ते उगाच कोरतात. मी गणित बदललं आणि पुढे गेले. अडीच मिनिटांत तर पाणी आणखीच निश्चल झालं, तुंग आणि तिकोणा हे दोन्ही गड कापसात ठेवल्यासारखे दिसायला लागले. काचेचा हिरवा रंग यायचा म्हणून मी फोटो काळेपांढरे करायची. कॉलेजच्या गॅलरीत ते लागले, स्टुडिओच्या काकांनी दुकानात लावले. माझं जे काही नाव झालं ते त्या अडीच मिनिटांवर झालं.

आणि भाऊंना दिसायला लागलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बूट न काढताच आत आले. "आगं, आज तलाव दिसला!" आईला कळेना, कुठला तलाव. "लोखंडाचा! लख्ख! कडंपतुर!" त्यांनी जेवणाच्या ताटात बोटाने रेघ ओढून दाखवली, सरळ, एका दमात. आठवड्याभरात रफिकचाचांनी त्यांना परत कैच्यांवर घेतलं. आईने कोंबडी कापली, आणि कालवणातही शेवग्याचा पाला टाकला. शेजारणी पाला मागायला यायला लागल्या. आई ऐटीत सांगायची, "महिनाभर चालू ठेवायचा, खंड नाही पडू द्यायचा." संध्याकाळी भाऊंचे डोळे लाल असायचे, पाणी गळायचं. बटाट्याच्या चकत्या आता रोजच्या झाल्या. आम्ही म्हणायचो, काम वाढलंय.

जानेवारीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत उजेड मोजायचा प्रयोग होता. सर म्हणाले, नंदा, तुझी ती प्रसिद्ध काच आण, तीच मोजू. मी काच दिव्यापुढे धरली. मीटरचा काटा हललाच नाही. सरांनी दिवा जवळ आणला, आणखी जवळ आणला. म्हणाले, "ही हजारावा हिस्सा सोडणारी काच नव्हे गं. ही तिच्या कितीतरी पुढची." मी तिथेच नखाने टेप सोलली. अकरा. माझ्याकडे अकरा असेल, तर आठ कुठे आहे, हे कळायला पदार्थविज्ञान लागत नाही.

मी दप्तर घेऊन तशीच निघाले आणि सोमाटण्याला उतरले. वर्कशॉपमध्ये भाऊ एका जाड खांबावर वाकले होते, निळा उजेड छतापर्यंत उडत होता. जाड रॉड, मोठा करंट. मी हाक मारली तशी त्यांनी कांडी बाजूला केली, शील्ड खाली घेतली. डोळे लालबुंद. मी माझी काच त्यांच्यापुढे धरली, आकड्यावर बोट ठेवून. त्यांनी आकडा बघितला, इकडेतिकडे बघितलं, आणि मला मागच्या भंगाराकडे घेऊन गेले.

"मला ठावं हाय," म्हणाले.

"काय माहितीय?"

"दिवाळीच्या आदुगर पांढरी काच बदलली, तवा मागची बी हातात आली. आकडा येतो मला वाचता."

"मग बदलली का नाही, भाऊ? तुम्हीच म्हणाला होता, डोळे जातात म्हणून!"

"हळू बोल." त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "अकरातनं मला दिसत न्हाई, नंदे. आठातनं दिसतं. मी ती बदलली तर उद्या पुन्ना नागीण काढीन. तुजी परीक्षा कवा?"

"मार्चमध्ये. त्याचा काय संबंध?"

"मग मार्चापतुर राहू दे. परीक्षा झाली की मी सोताच घासायच्या कामाला लागतो. अडीच-तीन म्हैन्यात काय व्हतंय? इतकी वर्सं आर्कचा उजेड खाल्ला ह्या डोळ्यांनी."

मी वाद घातला. मला जे जे शिकवलं होतं ते सगळं सांगितलं, डोळ्याचा पडदा, त्यावर पडणारा उजेड, वीस पट. वीस पट उजेड, भाऊ! त्यांनी ते पायरीवर माझं गणित ऐकलं होतं तसंच शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आईला सांगू नगं. तिचा पाला लागू पडलाय म्हणून ती खुशीत हाय."

परत जाताना मी रफिकचाचांच्या टेबलापुढून गेले. ते नाकावर चष्मा घेऊन नकाशा बघत होते. मान वर करून म्हणाले, "काय गं नंदा, आज कॉलेज बुडवलं? भाऊंचं काही काम होतं?" मी थांबले. एक वाक्य पुरलं असतं. चाचा, त्यांच्या शील्डमध्ये आठ नंबर आहे. चाचा तिथून उठले असते, शील्ड भाऊंच्या हातातून काढून घेतली असती, आणि पुन्हा कधी त्यांना जाड रॉडला उभं केलं नसतं. दहा पावलांवर भाऊ उभे होते, माझ्याकडे बघत. माझ्या दप्तरात परीक्षेचा भरलेला फॉर्म होता.

"काही नाही चाचा," मी म्हटलं, "सहज आले होते."

कुणी म्हणेल, तू ती काच ओढून नेली असतीस तरी त्यांनी दुसरी आणली असती. शेठकडे आठाच्या ढीगभर होत्या. मीही मनाला तसंच सांगायची. पण चाचांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं, आणि मी पदवीची निवड केली. कुणी माझ्या तोंडावर हात ठेवला नव्हता.

मी परीक्षा दिली. चांगली दिली, हेही लिहिते, कारण ते खरं आहे. शेवटच्या पेपरच्या दिवशी भाऊ म्हणाले, मधे काहीतरी आडवं येतंय. भाकरीच्या मधोमध करपल्यागत डाग दिसतो, आणि भाकरी फिरवली तरी तो मधेच राहतो. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ तपासलं. पडद्याच्या बरोबर मध्यावर, जिथून आपण नेमकं बघतो, तिथे जळाल्याची खूण होती, दोन्ही डोळ्यांना. कडेचं दिसत राहील, मधलं येणार नाही, म्हणाले. मी काचेची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "एकट्या काचेमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. इतक्या वर्षांचं काम आहे, वय आहे." पुष्कळ वर्षं मी ते वाक्य जवळ बाळगलं. आता बाळगत नाही. डॉक्टरांना माहीत नव्हतं की मला जानेवारीत कळलं होतं. कधी कळलं, हे मी सांगितलंच नाही.

आईला वाटलं, पाला थांबल्याने झालं. हिवाळ्यात शेवग्याची पानं गळतात, महिनाभर तिला पाला मिळाला नव्हता, आणि खंड पडू द्यायचा नाही असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. ती गावोगाव हिंडली पाल्यासाठी, कामशेतपर्यंत. भाऊंनी तिला खरं सांगितलं नाही आणि मला सांगू दिलं नाही. ते गेल्यानंतर एका दुपारी तांदूळ निवडताना मी तिला सगळं सांगितलं, पाटावरच्या ताटापासून चाचांच्या टेबलापर्यंत. तिने हात न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "आसंल तुझं खरं. पर पाला बंद पडला व्हता, ते बी खरंच हाय ना?" तिच्या वाटणीचा दोष तिने मला दिला नाही. मी तो मागितला होता.

निकाल जूनमध्ये लागला. पहिला वर्ग. मी गुणपत्रक घेऊन घरी आले तेव्हा भाऊ भिंतीला टेकून बसले होते. वर्कशॉप सुटलं होतं. रफिकचाचा पहिल्या तारखेला काहीतरी पाठवून देत, त्यावर चाललं होतं. आईने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि मला भाऊंच्या समोर उभं केलं. भाऊंनी मान वर केली आणि माझ्या उजव्या खांद्याच्या पलीकडे, कोऱ्या भिंतीकडे बघायला लागले.

"अवो, तिकडं काय बघताय?" आई म्हणाली. "पोरगी हिकडं उभी हाय."

मला वाटलं त्यांना मी कुठे आहे ते कळलेलं नाही, म्हणून मी चटकन उजवीकडे सरकले, त्यांची नजर होती तिथे. त्यांचा हात एकदम वर आला.

"सरकू नगंस, नंदे. नीट तुझ्याकडं बघितलं की तू जातीस. पयल्या जागी उभी ऱ्हा."

मी परत पहिल्या जागी गेले. ते भिंतीकडे बघत राहिले, बराच वेळ, एखाद्या अनोळखी माणसाकडे रोखून बघावं तसे.

"आता हाईस," ते भिंतीला म्हणाले. "कागद वर धर."

मी कागद वर धरला.